विदर्भातल्या खेड्यात पहिला एसी घेताना: आधी छप्पर, मग वीज, मग यंत्र

एप्रिल अर्ध्यावर आला की आपल्याकडे ऊन माणसाला बसू देत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं रोजच्या हवामानाच्या बातमीत सगळ्यात वर असतात, पारा ४५-४६ अंशांवर जातो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, त्याच्याही पुढे. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते. पूर्वी अंगणात बाज टाकली, रात्री दोनच्या पुढे वारा गार झाला की झोप लागायची. आता कितीतरी घरांत माती-कवेलूच्या (कौलांच्या) जागी टिन किंवा स्लॅब आला आहे, आणि तो दिवसभर घेतलेली उष्णता रात्रभर खोलीत सोडत राहतो. म्हणून गावातही एसीची चौकशी वाढली आहे, आणि ती वाढायलाच हवी. घरात म्हातारं माणूस, बाळंतीण किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर गार खोली ही चैन उरत नाही.

पण शहरातल्या फ्लॅटसाठी दिला जाणारा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. तिथे छप्पर दुसऱ्याचं असतं, व्होल्टेज बरं असतं आणि मेकॅनिक दुपारपर्यंत येतो. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी आपल्यालाच आधी बघाव्या लागतात. पहिल्यांदाच एसी घेणाऱ्यांसाठी, आणि बदली होऊन इकडे आलेल्या शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतल्या मंडळींसाठीही, मी ज्या क्रमाने जाईन तो क्रम इथे लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. दुकानात जायची पायरी यात बरीच उशिरा येते.

पहिली पायरी: एकच खोली ठरवा

सगळं घर गार करायचा विचार सोडा. घरातल्या जास्तीत जास्त माणसांना रात्री झोपता येईल अशी एक खोली निवडा. १० बाय १२ किंवा १२ बाय १२ ची, शक्यतो उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची. पश्चिमेची भिंत दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत तापते आणि मध्यरात्रीपर्यंत गरम राहते, त्यामुळे ती खोली टाळता आली तर टाळा. स्वयंपाकघराला लागून उघडं दार असलेली खोलीही नको. चूल असो की गॅस, तिची उष्णता एसीलाच उपसावी लागते. आणि बंद केलेल्या गार खोलीत शेगडी किंवा निखारे कधीही नेऊ नका, त्यात जीव गुदमरतो.

दुसरी पायरी: छप्पर

हा भाग सगळ्यात मोठा लिहितो आहे, कारण पैसे इथेच वाचतात किंवा वाया जातात.

टिनाची खोली असेल तर मे महिन्यात दुपारी स्टुलावर चढून आतून पत्र्याजवळ हात न्या. पत्र्याला हात लागायच्या आधीच तळव्याला झळ लागते. ही झळ खोलीतल्या प्रत्येक माणसावर, गादीवर, भिंतीवर सरळ पडत असते. अशा खोलीत दीड टनाचा एसी लावला तरी हवा गार आणि डोकं तापलेलं, असा प्रकार होतो. मशीन थांबतच नाही, बिल चढत जातं, आणि घरचे म्हणतात की एसी खराब निघाला.

म्हणून टिनाखाली सीलिंग हवंच. आपल्याकडे बुरुडाकडून बांबूचे तट्टे मिळतात, ते आडव्या बल्ल्यांना बांधून पत्र्यापासून किमान हातभर खाली घेतले तरी मोठा फरक पडतो. पत्रा आणि तट्टा यांच्यामधली हवा दोन्ही टोकांना बाहेर निघायला जागा ठेवा, म्हणजे तिथे साचलेली गरमी निघून जाते. मात्र तट्ट्याच्या फटींतून एसीची गार हवा वर पळते, म्हणून वरून प्लास्टिकची ताडपत्री किंवा शेणमातीचा लेप द्या. पैसे असतील तर पीव्हीसीचं किंवा पीओपीचं सीलिंग करा. वर थर्माकोल टाकायचा असेल तर तो उघडा ठेवू नका आणि वायरींना लागू देऊ नका. तो पटकन पेटतो.

पत्र्याच्या वरून सावली देता आली तर ती आणखी चांगली. तुराट्या, पऱ्हाट्या किंवा सिंदीच्या झावळ्या पत्र्यावर पसरणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती अगदी बरोबर आहे: ऊन पत्र्यापर्यंत पोचलंच नाही तर पत्रा तापणार कसा? फक्त हे सगळं वाळलेलं सरपण असतं, हे विसरू नका. चुलीचं धुराडं आणि विजेची तार यांपासून लांब ठेवा, आणि वाऱ्या-वादळाआधी दोरीने पक्कं बांधा. त्यापेक्षा निर्धोक म्हणजे पत्र्यापासून दीड-दोन फूट वर बांधलेली हिरवी जाळी.

कवेलूच्या घराची अडचण वेगळी. मातीच्या दीड-दोन फुटी भिंती उन्हाळ्यात सोन्यासारख्या आहेत, पण कवेलूंच्या फटींतून हवा सारखी ये-जा करते. सीलिंग न करता तिथे एसी लावला तर गार हवा छपरातून निघून जाईल. अशा घराला कूलर फार छान मानवतो, पुढे सांगतो.

घरकुलाचा किंवा साधा स्लॅब असेल तर होळीच्या सुमाराला गच्चीला चुन्याचा पांढरा जाड हात मारा. चुन्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळला की तो लगेच उडत नाही. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षीचं. बाजारात उष्णता परतवणारे पांढरे रंगही मिळतात, ते महाग पण जास्त टिकतात. गच्चीवर पाणी मारल्यानेही स्लॅब उतरतो, पण ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तिथे तो सल्ला मी देणार नाही.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून तट्टा किंवा ताटी लावा. ऊन काचेच्या आत आलं की उष्णता आत आलीच. दाराखालची फट, मीटरच्या वायरीचं भोक, भिंत आणि सीलिंगमधली जागा, हे सगळं बुजवा. दिवसा खोलीत बसून दार लावा आणि कुठून उजेड येतो ते बघा. जिथून उजेड येतो तिथून गार हवा जाईल.

तिसरी पायरी: कूलरने भागतं का ते आधी पाहा

आपला उन्हाळा कोरडा आहे, आणि कोरड्या हवेत कूलरसारखं स्वस्त यंत्र नाही. पाणी ताटीवरून (कूलरच्या बाजूंना बसवलेल्या ओल्या गवताच्या जाळीवरून) उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या ताट्यांचा कूलर साधारण २८ अंशांची हवा देतो. जुलैत बाहेर ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर तोच कूलर ३० अंशांची ओली हवा देतो आणि अंग चिकट होतं. म्हणजे मार्चअखेरपासून मृगापर्यंत कूलरचे दिवस, आणि पावसाची उघडीप व ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याचा उपयोग फारसा नाही.

कूलर विजेला हलका असतो. मोठा डेझर्ट कूलर दीडशे ते अडीचशे वॅट घेतो, रात्रभरात दीड-दोन युनिट. आणि गावासाठी सगळ्यात मोठी गोष्ट अशी की लाइन गेली तर घरच्या इन्व्हर्टर-बॅटरीवर कूलर काही तास चालतो. एसी त्यावर चालत नाही. ज्या गावात रात्री लाइन जाते तिथे एसी घेतला तरी कूलर विकू नका.

कूलर बसवताना त्याची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेकडे हवी आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. पुष्कळ घरांत कूलर खोलीतच कोपऱ्यात ठेवून दारं लावून घेतात. मग तो तीच ओली हवा फिरवत राहतो आणि तासाभरात खोलीत दमटपणा भरतो. खिडकीत बसवलेला कूलर, समोर वीतभर उघडं दार, आणि हवा अंगावरून जाऊन बाहेर निघते आहे, ही योग्य बसवणूक.

पाणीही मोजा. मोठा कूलर कडक उन्हात तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज उडवतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर बोअरच्या पाण्याने ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि त्यातून हवा जात नाही. तिथे रोज टाकीतलं उरलेलं पाणी काढून टाका, त्यात खार साठलेला असतो. ताट्या दर वर्षी बदला. वाळ्याच्या मिळाल्या तर वासानेच बरं वाटतं, पण साध्या गवताच्या किंवा हनीकोंबच्या ताट्याही चालतात.

आता ज्यावर तडजोड नको अशी गोष्ट. टिनाच्या बॉडीच्या कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं दगावतात, आणि त्यात पाणी भरणाऱ्या बाया आणि खेळणारी पोरं जास्त असतात. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढायची, प्रत्येक वेळी. तीन पिनांचीच वायर, अर्थिंग खरं असलेलं सॉकेट, आणि घराच्या मीटरनंतर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. ही पेटी गळती होताच क्षणात लाइन तोडते. एसी घ्या किंवा घेऊ नका, ही पेटी बसवून घ्या. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करून घासा, डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात.

इतकं करून रात्रीची झोप होत असेल तर एसीचे पैसे वाचवा. पावसाळ्यातही खोली गार हवी असेल, पाणीच नसेल, किंवा घरातल्या आजारी माणसाला खात्रीने गार खोली द्यायची असेल, तर एसीकडे वळा.

चौथी पायरी: वीज तपासा

मे महिन्यात रात्री आठ-नऊ वाजता, सगळ्या गावाचे कूलर चालू असताना, आपल्या घरात व्होल्टेज किती मिळतं ते बघा. स्टॅबिलायझरच्या काट्यावर किंवा वायरमनच्या मीटरवर. दुपारचा २२५ चा आकडा बघून खूश होऊ नका. गावाच्या टोकाला, डीपीपासून (गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असलेल्या घरात हाच आकडा रात्री १७० च्या खाली येतो, तेव्हा ट्यूबलाइट फडफडते आणि पंखा रेंगाळतो. बिना-इन्व्हर्टरचा एसी अशा वेळी चालू होताना कॉम्प्रेसर घुरघुरतो आणि ट्रिप होतो. इन्व्हर्टर एसी (घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही, यात कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो) हळूहळू वेग घेत असल्याने चालू होताना झटका देत नाही, म्हणून कमी व्होल्टेजच्या गावात तोच बरा.

खोक्यावर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच, की अमुक ते तमुक व्होल्टेजमध्ये मशीन चालेल. त्याखाली गेलं तर ते बंद पडेल, आणि व्होल्टेज वाढवून देण्याचं काम ते करणार नाही. तुमच्याकडे रात्री आकडा १७० च्या आसपास असेल तर दीड टनासाठी ४ केव्हीएचा, १३०-१४० व्होल्टपासून काम करणारा स्टॅबिलायझर घ्याच. लाइन आल्यावर तीनेक मिनिटं थांबून सुरू करणारा असावा. एसीचं सर्किट बोर्ड जळलं की दुरुस्ती काही हजारांत जाते.

मग मंजूर भार, म्हणजे महावितरणने तुमच्या घराला एका वेळी जितकी वीज वापरायला मंजूर केली आहे तितकी. बिलावर तो लिहिलेला असतो. गावातल्या पुष्कळ घरांचा तो अर्धा किंवा एक किलोवॅट असतो. दीड टनाचा एसी भर उन्हात दीड किलोवॅटच्या वर जातो, त्यात फ्रिज, मोटर, पंखे आलेच. महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. तो आधी करा. गल्लीत चार घरांनी एसी घेतले आणि कुणीच भार वाढवून घेतला नाही, तर डीपीवर किती ताण आहे हे कार्यालयाला कळणार तरी कसं? मग ऐन नवतप्यात डीपी जळते आणि सगळं गाव अंधारात बसतं.

एसीची लाइन मीटरजवळच्या बोर्डापासून वेगळी ओढा: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण), १६ अँपिअरचं सॉकेट. पंख्याच्या बोर्डावरून जोड काढून दिलेली लाइन तापते. अर्थिंगचा खड्डाही बघा. आपली काळी माती मे महिन्यात हातभर भेगाळते, ओल खोल जाते, आणि पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात निकामी होतं. खड्ड्यात दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओता. भांड्याचं, अंघोळीचं पाणीही चालतं.

पाचवी पायरी: किती टन

टन हे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता घेतो, तितकी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ती क्षमता, म्हणजे सुमारे ३,५०० वॅट. दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॅट. यंत्रावरच्या लेबलवर वॅटचा आकडा असतो तो वाचा. ‘दीड टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांत कुणाचा आकडा ४,८०० असतो, कुणाचा ५,२०० असतो. किंमत सारखी असेल तर मोठा आकडा घ्या.

त्यातही एक गोष्ट आपल्याला वेगळी लागू होते. ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे बाहेर ४५ असतं तेव्हा तीच यंत्रं कमी गारवा देतात आणि जास्त वीज घेतात. म्हणून शहरातल्या तक्त्यात ‘१२० चौरस फुटांना एक टन’ असं असेल, तर विदर्भात शेवटच्या मजल्याच्या स्लॅबखाली त्याच खोलीला मी दीड टनच सांगेन. खाली मजला आणि वर दुसरी खोली असेल तर एक टन पुरतो. सीलिंग केलेल्या टिनाच्या १० बाय १२ च्या खोलीलाही दीड टन. १८० चौरस फुटांच्या वर गेलात तर दोन टन लागेल, पण त्याआधी मधे पडदा किंवा पार्टिशन टाकून खोली लहान करता येते का ते बघा. आणि ५०-५२ अंशांपर्यंत चालेल असं माहितीपत्रकात छापलेलं यंत्रच घ्या. काही यंत्रं ४३-४६ ला धापा टाकून बंद होतात, म्हणजे नेमकी गरज असेल त्याच दुपारी.

सहावी पायरी: किती तारे, कोणता प्रकार

बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलवर तारे असतात आणि त्याखाली आयएसईईआर नावाचा आकडा, म्हणजे वर्षभरात विजेच्या मानाने किती गारवा मिळतो ते. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच तारे नव्या वर्षाच्या चारइतकेही असू शकतात. तारे मोजण्यापेक्षा हा आकडा आणि लेबलवरचं वर्ष बघा. आकडा जितका मोठा तितकी वीज कमी. लेबलवर ‘वर्षाला इतके युनिट’ असंही छापतात, ते १,६०० तास वापर धरून असतं.

आता आपला हिशोब करू. दीड टनाचा ३ तारे एसी १,६०० तासांना साधारण हजार युनिट घेतो, ५ तारे साडेसातशेच्या आसपास. आपण मार्चअखेर ते जून रोज रात्री आठ तास, म्हणजे सहा-सातशे तास वापरला तर फरक शंभर युनिटांच्या आतबाहेर. युनिटचा दर दहा-बारा रुपये धरला तर वर्षाला हजार-बाराशे रुपये वाचतात. दोन यंत्रांच्या किमतीत आठ-दहा हजारांचा फरक असेल तर ते फिटायला आठ-नऊ वर्षं लागतील. म्हणून केवळ उन्हाळ्याच्या रात्रींसाठी एसी घेणाऱ्याला माझा सल्ला ३ तारे इन्व्हर्टरचा आहे, आणि वाचलेले पैसे सीलिंगमध्ये घाला. ते सीलिंग पंखा-कूलरच्या दिवसांतही उपयोगी पडेल. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, दिवस-रात्र वर्षात सात-आठ महिने एसी चालणार, असं असेल तर मात्र ५ तारेच घ्या.

बिलाचा अंदाजही आधीच घ्या. मे महिन्यात रात्री आठ तासांना सहा ते आठ युनिट धरा, महिन्याला दोनशेच्या आसपास. महावितरणचा दर टप्प्यांनी वाढतो, १०० युनिटांपर्यंत स्वस्त, पुढे ३०० पर्यंत महाग, त्याच्यापुढे आणखी महाग. घरचे आधीचे शंभर आणि एसीचे दोनशे-अडीचशे मिळून तुम्ही तिसऱ्या टप्प्यात जाल. उन्हाळ्याच्या दोन-तीन बिलांचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

स्वतःचं छप्पर असेल तर सोलरचाही विचार करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरवर जमा होते आणि रात्रीच्या एसीच्या युनिटांतून वजा होते. शिवाय पॅनलखालच्या छपराला सावली मिळते ती वेगळीच. फक्त एक समजून घ्या: बॅटरी नसलेलं हे सोलर लाइन गेली की बंद पडतं. लाइनमनच्या सुरक्षेसाठी ते तसंच केलेलं असतं.

प्रकाराचं बोलायचं तर भाड्याने राहणाऱ्यांनी आणि बदलीवाल्यांनी विंडो एसी घ्यावा. खिडकीतून काढला, गाडीत टाकला, नव्या घरात बसवला. तो थोडा आवाज करतो, आणि खिडकीच्या भोवतीच्या फटी नीट बुजवाव्या लागतात. स्वतःचं घर असेल तर स्प्लिट, ज्याचं एक युनिट आत आणि एक बाहेर असतं. कॉइल तांब्याची असावी, ती गळली तर तालुक्याच्या मेकॅनिकलाही झाळता येते. सर्किट बोर्डावर किती वर्षांची हमी आहे ते विचारा. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी सगळेच ठळक छापतात.

सातवी पायरी: कुठून आणि केव्हा

कंपनीचं नाव ठरवण्याआधी तालुक्याच्या दोन-तीन मेकॅनिकांना विचारा की कोणत्या कंपनीचे पार्ट इथे मिळतात आणि कोणत्या कंपनीचा माणूस खरंच गावात येतो. ज्याची सेवा तुमच्या गावापर्यंत पोचते, तो ब्रँड तुमच्यासाठी चांगला. ऑनलाइन हजार-दोन हजार स्वस्त मिळत असेल तर पिनकोड टाकून बसवणी होते का, तेही बघा. एसी दारात येऊन पडतो आणि बसवणारा ‘तुमचं गाव आमच्या हद्दीत नाही’ म्हणतो, असं आपल्याकडे घडतं.

खरेदी जानेवारी-फेब्रुवारीत करा. कापूस-तुरीचे पैसे हातात असतात, दुकानात माल असतो, आणि मेकॅनिक निवांत असतो. मे महिन्यात तोच माणूस आठ-आठ दिवस येत नाही आणि आला तर घाईत काम करतो. दीड टनाचा ३ तारे इन्व्हर्टर पस्तीस-चाळीस हजारांच्या आसपास, त्यावर बसवणी, जास्तीचा तांब्याचा पाइप, स्टॅबिलायझर आणि वायरिंग मिळून आठ-दहा हजार आणखी धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. पक्कं बिल घ्या, त्याशिवाय हमी चालत नाही.

आठवी पायरी: बसवून घेताना उभे राहा

बाहेरचं युनिट सावलीत, उत्तर किंवा पूर्व बाजूला. त्याच्यासमोर चार-पाच फूट मोकळी जागा हवी. दोन घरांमधल्या चिंचोळ्या बोळीत ते ठेवलं तर आपणच सोडलेली गरम हवा परत ओढतं. टिनाच्या छपरावर ठेवू नका, तिथली हवा आधीच भाजलेली असते. मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकू देऊ नका. युनिट पंचवीस-तीस किलोचं असतं आणि थरथरतं. जमिनीवर सिमेंटचा ओटा करून लोखंडी स्टँडवर ठेवा. आपल्याकडे वानरं घरांवरून उड्या मारत जातात, म्हणून मोठ्या भोकांची जाळी भोवती लावा, बारीक जाळीने हवा अडते.

पाइप जोडल्यावर मेकॅनिकने व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे. पाइपमधली हवा आणि ओल त्याने ओढून काढली जाते, पंधरा-वीस मिनिटं तरी. काही जण वेळ वाचवायला थोडा गॅस सोडून हवा ‘ढकलून’ देतात. तसं करू देऊ नका, ओल आत राहिली की कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. हल्लीच्या बहुतेक यंत्रांत आर-३२ गॅस असतो, तो थोडाफार पेटता आहे, त्यामुळे काम चालू असताना जवळ विडी-सिगारेट आणि चूल नको. भिंतीतलं पाइपचं भोक पुट्टीने किंवा सिमेंटने पक्कं बुजवून घ्या. तिथून पाली, उंदीर आणि कधी कधी सापही गारव्याला येतात.

पाण्याच्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का बघा. मे महिन्यात नळीतून फारसं पाणी आलं नाही तर घाबरू नका. हवेतच ओल नसते. पाऊस सुरू झाला की तीच नळी धार धरते.

चालवताना

२४ अंश हा आकडा २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या एसींमध्ये कंपनीकडूनच लावून येते. मी म्हणेन २६ वर ठेवा आणि छताचा पंखा एक-दोनवर फिरवा. एक अंश वर घेतला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं बीईई सांगतं. बाहेर ४५ असताना १८ लावल्याने खोली लवकर गार होत नाही. झोपायच्या तासभर आधी एसी सुरू करा. एकाच वेळी कूलर आणि एसी लावू नका. कूलर हवेत ओल भरतो आणि ती ओल काढायला एसी दुप्पट राबतो.

आतल्या युनिटमधली धूळ अडवणारी जाळी दर आठ-दहा दिवसांनी धुवा. आपल्याकडची धूळ बारीक असते, आणि ज्या घरात कापूस वेचून आणून ठेवतात तिथे जाळीवर पांढरा थरच बसतो. जाळी बाहेर काढा, पाठीमागून पाणी मारा, सावलीत वाळवा, पाच मिनिटांचं काम. बाहेरच्या युनिटच्या मागच्या पात्यांवर धूळ-पालापाचोळा बसला असेल तर मेन बंद करून हलक्या धारेने धुवा. गारवा कमी झाला की ‘गॅस संपला’ असं लगेच मानू नका, आधी या दोन गोष्टी धुऊन पाहा. गॅस जळत किंवा संपत नाही, तो गळतो. आणि गळती शोधून झाळल्याशिवाय नुसता भरून घेतलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही.

थंडी सुरू होऊन एसी बंद ठेवायची वेळ आली की कोरड्या दिवशी तासभर नुसत्या फॅन मोडवर चालवून आतली ओल वाळवा, मग मेन स्विच बंद करा. त्याच खोलीत कापूस भरून ठेवणार असाल तर आतल्या युनिटला जुन्या लुगड्याचं किंवा चादरीचं कापड बांधा, आणि कापूस भिंतीतल्या सॉकेटपासून आणि वायरीपासून किमान तीन फूट दूर ठेवा.